नसबंदी न केलेला दीड वर्षाचा बोका अचानक आक्रमक झाला आहे, काय करावे?

तुमच्या बोक्याची नसबंदी झालेली नाही, गेल्या काही महिन्यांपासून तो घरातल्या दुसऱ्या बोक्यावर धावून जातो, पडद्यांवर मुतून ठेवतो, रात्रभर बाहेर जाण्यासाठी ओरडतो आणि परवा खिडकीतून त्याला उचलायला गेल्यावर तुमच्या हाताला कडकडून चावला, असे तुम्ही लिहिले आहे. वय वाढले की तो आपोआप निवळेल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. मी पशुवैद्य नाही, परंतु घरी मांजरे पाळते आणि आमच्या सोसायटीच्या आवारातल्या मांजरांची नसबंदी करून घेण्याचे काम शेजाऱ्यांच्या मदतीने बरीच वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की वाट पाहण्यात सर्वाधिक नुकसान त्या बोक्याचेच होते.

आधी तुमच्या हाताविषयी. मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असल्यामुळे जखम वरून क्षुल्लक दिसते, पण आत खोल गेलेली असते आणि एका दिवसात हात सुजू शकतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची असते. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नका. अजून डॉक्टरांकडे गेला नसाल तर आजच जा आणि रेबीज व धनुर्वात या दोन्ही लसींबद्दल त्यांना विचारा.

बोका साधारणपणे सहा ते नऊ महिन्यांत वयात येतो. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन या नर हार्मोनच्या प्रभावाखाली त्याची गालफडे भरतात, मानेवरची कातडी जाड होते आणि आपली हद्द राखणे व माजावर आलेली भाटी, म्हणजे मादी मांजर, शोधणे यांपुढे त्याला खाण्यापिण्याचेही भान राहत नाही. आपल्याकडच्या उबदार हवामानात भाट्या वर्षातले बहुतेक महिने माजावर येऊ शकतात, त्यामुळे अशा बोक्याला उसंत अशी मिळतच नाही. खाली एखादी भाटी ओरडत असते किंवा परका बोका भिंतीवरून चालत जातो, याला ते खिडकीच्या जाळीतून दिसते, पण तिथवर पोहोचता येत नाही. मग तो सगळा क्षोभ जवळ जो असेल त्याच्यावर निघतो. तुम्हाला झालेला चावा बहुधा याच प्रकारातला आहे. बोका शेपटी आपटत, कान मागे पाडून बाहेर टक लावून बसलेला असेल तर त्याला हात लावू नका, आणि खिडकीचा खालचा भाग कागद लावून झाकून टाका.

पडद्यावर मुतणे हा खोडसाळपणा नाही. बोका भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपटी ताठ वर करतो, ती टोकाशी थरथरते आणि मागचे पाय जागच्या जागी हलवत तो मागे फवारा सोडतो. ही त्याची हद्दीची खूण असते आणि तिचा उग्र वासही याच हार्मोनमुळे येतो. परंतु तो खाली बसून कुंथत असेल, पुन्हा पुन्हा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन थेंबभरच होत असेल, तर लघवी तुंबलेली असू शकते. बोक्यांमध्ये हे जिवावर बेतते, तेव्हा सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. फवारलेली जागा फिनाईलने पुसू नका. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्ये नीट निकामी करता येत नाहीत, आणि पंजाला लागलेले तो चाटतोच. सौम्य साबणाचे पाणी किंवा पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा.

हा बोका बाहेर पडत असेल तर मारामाऱ्या टळणार नाहीत. चाव्याची जखम वरून भरते आणि आत पू धरते. गालावर किंवा शेपटीच्या मुळाशी गळू फुटून केस चिकट झालेले आणि घाण वास सुटलेला बोका आवारात कितीदा तरी पाहायला मिळतो. चाव्यातूनच एफआयव्ही हा मांजरांचा विषाणू पसरतो. तो माणसाला होत नाही, पण बोक्याच्या शरीरात आयुष्यभर राहतो. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावते.

आता मूळ उपायाकडे. या शस्त्रक्रियेत दोन्ही वृषणे काढतात, त्यामुळे हार्मोनचा उगमच जातो. भूल देऊन केलेले हे काम लवकर उरकते, बहुतेक वेळा टाकेही लागत नाहीत आणि बोका त्याच दिवशी घरी येतो. चार ते सहा महिन्यांचे वय उत्तम मानतात, पण दीड वर्ष म्हणजे उशीर झाला असे मुळीच नाही. नसबंदीनंतर दहापैकी आठ-नऊ बोक्यांमध्ये भटकणे, भांडणे आणि फवारणे स्पष्टपणे कमी होते, मात्र त्याला काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. नंतर भूक टिकून राहते आणि गरज घटते, म्हणून खाणे मोजून द्या.

दवाखान्यातून आलेल्या बोक्याला औषधांचा वास येतो, आणि त्या वासामुळे घरातला दुसरा बोका त्याच्यावर फिस्कारेल. दोघांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकाचे अंथरूण दुसऱ्याला हुंगू द्या, दाराच्या दोन बाजूंना जेवण द्या आणि मगच समोरासमोर आणा. दोन बोक्यांना रेतीचे तीन ट्रे ठेवा. मारू नका, ओरडू नका. भ्यालेला बोका जास्तच चावतो.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्या. कधी कधी एक पोटातच राहिलेले असते, आणि फक्त दिसणारे काढले तर हार्मोन तयार होत राहते आणि वागण्यात फरक पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनीही तो पूर्वीसारखाच वागत असेल तर हीच शंका पशुवैद्यांपुढे मांडा. बोक्याच्या लिंगावरचे बारीक काटे टेस्टोस्टेरॉन थांबल्यावर सुमारे सहा आठवड्यांत नाहीसे होतात, त्यामुळे ते अजून असतील तर कुठेतरी वृषण शिल्लक आहे, हे त्यांना तपासणीतच कळते.