वाचकांचे प्रश्न: नर्सिंगचा प्रवेश, वॉर्ड आणि पहिले वर्ष

निकाल लागला की नर्सिंगबद्दलची पत्रे वाढतात. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे नर्सिंग शिकवणाऱ्या ट्यूटर आणि वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर यांनी मिळून दिली आहेत.

मुलगी कला शाखेतून बारावी झाली आहे. तालुक्यातली एक संस्था एका वर्षाचा ‘नर्सिंग कोर्स’ देते. सरकारमान्य आहे, लगेच नोकरी लागते, असे सांगतात. फी भरावी का? (एक पालक, हिंगोली)

आत्ता भरू नका. परिचारिका म्हणून नोंदणी मिळवून देणारे अभ्यासक्रम मोजके आहेत: एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) २ वर्षे, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) ३ वर्षे आणि बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षे. एका वर्षाच्या किंवा सहा महिन्यांच्या कोर्समधून फार तर रुग्णसेवा सहायक होता येते. ते कामही मोलाचे आहे, पण त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी होत नाही. नोंदणी नसली की सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही.

कला शाखेमुळे मुलीची वाट बंद झालेली नाही. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. जीएनएमला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के मात्र लागतात. तेव्हा गुणपत्रिकेत आधी इंग्रजीचा आकडा पाहा. पुढे नोंदणी झाल्यावर २ वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून तिला पदवीही घेता येईल.

संस्थेत गेल्यावर सरळ विचारा, ‘परीक्षा कोण घेते?’ जीएनएमची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, बहुतेक बी.एस्सी. कॉलेजांची नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. उत्तरात दुसऱ्या राज्यातले विद्यापीठ किंवा एखादा ‘राष्ट्रीय बोर्ड’ आला, तर तिथून निघा. संस्थेचे नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि राज्य परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत, चालू वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासमोर आहे का, हे स्वतः पाहा. भिंतीवरची फ्रेम पुरावा धरू नका.

मग त्यांचे रुग्णालय पाहायला जा, तेही सकाळी दहाच्या सुमारास न कळवता. बाह्यरुग्ण विभागात गर्दी आहे का? खाटांवर रुग्ण आहेत का? रिकाम्या वॉर्डात तीन वर्षे काढलेल्या मुलीच्या हाताला सलाईन लावण्याची सवय लागत नाही आणि पहिल्या नोकरीत ती उणीव लगेच दिसते. आमच्या मते इमारत, वसतिगृह, गणवेश हे सगळे याच्यानंतर. आणि मूळ कागदपत्रे फीची हमी म्हणून कोणाकडेही ठेवू नका.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीला बसतेय. तयारी कशी करू आणि प्रवेश कागदांमुळे का अडतो? (एक विद्यार्थिनी, सातारा)

परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल (अ‍ॅप्टिट्यूड) असे पाच भाग असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. विज्ञानाच्या मुली जीवशास्त्रावर भर देतात आणि इंग्रजी व नर्सिंग कल शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. थोड्या सरावात गुण वाढतात ते नेमके याच दोन भागांत.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ जातो जात पडताळणीला. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच करायचा असतो, कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरी जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून ती तारीख आधी वाचा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांत नाव अक्षरशः जुळायला हवे. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ एवढ्यावरही पडताळणी अडते. दुरुस्ती निकालाआधी करून घ्या.

पहिल्या सत्रात औषधाच्या मात्रेची गणिते चुकतात. मराठी माध्यमातून आलेय, सूत्र पाठ आहे तरी गोंधळते. (एक विद्यार्थिनी, बीड)

यात माध्यमाचा दोष कमी आहे. सूत्र पाठ असते, पण सूत्रात घालायचा आकडा कुठून घ्यायचा हे पक्के नसते. तो आकडा नेहमी हातातल्या वस्तूवर छापलेला असतो.

इंजेक्शन घ्या. ऑर्डर आहे अमिकॅसिन ३७५ मिलिग्रॅम. व्हायलवर (औषधाच्या छोट्या बाटलीवर) लिहिले आहे ५०० मिलिग्रॅम, २ मिली. हवी ती मात्रा भागिले हातातली मात्रा, गुणिले मिली: ३७५ भागिले ५०० गुणिले २, म्हणजे १.५ मिली. उत्तर आले की सिरिंज भरण्याआधी मनात अंदाज लावा. ३७५ हे ५०० पेक्षा कमी, तर उत्तर २ मिलीच्या आतच हवे. २.६७ आले तर भागाकार उलटा झाला आहे. हा अंदाज लावायची सवय सूत्रापेक्षा जास्त कामी येते.

आता सलाईन. ५०० मिली, ४ तासांत. सेटचे (सलाईनच्या नळीचे) पाकीट फाडून फेकण्याआधी वाचा, त्यावर १ मिलीचे किती थेंब ते असते. साध्या सेटवर बहुधा २०. मग ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले मिनिटे. इथेच बहुतेक जणी ४ ने भागतात. ४ तास म्हणजे २४० मिनिटे, उत्तर मिनिटाला ४२ थेंब. घड्याळ समोर धरून १५ सेकंद मोजा, १० ते ११ थेंब पडले पाहिजेत. मायक्रोड्रिप (बारीक थेंबांच्या) सेटला १ मिलीचे ६० थेंब असतात. त्याच्यावर ४२ थेंब लावले तर तासाला ४२ मिलीच जातील आणि बाटली संपायला जवळजवळ १२ तास लागतील. रुग्णाने कोपर वाकवला की वेग बदलतो, म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

इन्सुलिनची चूक मात्र जिवावर बेतू शकते. व्हायल ४० युनिटची आणि १०० युनिटची, दोन्ही मिळतात. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला १० नाही, २५ युनिट जातात आणि साखर धोकादायकरीत्या उतरते. उलट केले तर ४ च युनिट जातात. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघा, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय टोचू नका. लिहिताना ‘०.५’ लिहा, नुसते ‘.५’ नको. ‘५.०’ही नको, टिंब पुसट असले की ते ५० वाचले जाते.

रोज पाच गणिते, कॅल्क्युलेटर न वापरता, महिनाभर करा. इंग्रजीसाठी व्याकरणाच्या पुस्तकामागे लागू नका. रोज एका रुग्णाचा केसपेपर वाचा आणि अडलेले दहा शब्द वहीत मराठी अर्थासह उतरवा. परीक्षेतही तेच शब्द येतात.

वॉर्ड ड्युटीत सुई टोचण्याची भीती वाटते. शिवाय आजारपणात ड्युटी बुडाली आहे, त्याचे काय? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

हिपॅटायटिस बी ची लस वॉर्डात पाय ठेवण्याआधी सुरू झाली पाहिजे: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांत रक्त तपासून प्रतिपिंडे तयार झाली का ते बघा. ही तपासणी बहुतेक जणी टाळतात, आणि लस लागू पडली नव्हती हे सुई टोचल्यावरच कळते.

सुया जास्त टोचतात त्या वापरल्यानंतर टोपण परत लावताना. टोपण लावूच नका. सुई थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाका, आणि डबा पाऊण भरला की बदलायला सांगा. टोचलीच तर जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी इनचार्ज सिस्टरला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, पुढे २८ दिवस घ्यावे लागते. रागावतील या भीतीने दोन दिवस गप्प बसणे हीच यातली सगळ्यात महाग चूक. रागावू द्या. नोंद मात्र लेखी करून घ्या.

बुडालेल्या ड्युटीबद्दल: बी.एस्सी.त परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते. पण पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकल हजेरी १०० टक्के भरावीच लागते. म्हणजे दिवस माफ होत नाहीत, सुट्टीत भरून द्यावे लागतात. वैद्यकीय दाखला त्याच आठवड्यात द्या आणि बदली ड्युटीची तारीख ट्यूटरकडून लेखी घ्या. लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सहीही त्याच दिवशी. महिन्याच्या शेवटी सिस्टरची बदली झालेली असते आणि केलेली प्रोसिजर न केल्यासारखी होते.

मुलांना नर्सिंगमध्ये प्रसूती विभागाची ड्युटी असते का? (एक विद्यार्थी, लातूर)

असते, आणि ती टाळता येत नाही, कारण नोंदणी परिचारिका आणि सुईण अशा दोन्ही कामांची होते. तपासणीआधी रुग्णाची परवानगी घ्या, सोबत स्त्री कर्मचारी हवी, पडदा ओढलेला हवा. बाईने नको म्हटले तर शांतपणे बाजूला व्हा आणि ट्यूटरला सांगून दुसरी केस मागा. केसबुकात ठरलेल्या संख्येइतक्या केसेस भराव्या लागतात, म्हणून पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी आपला आकडा लिहून घ्या आणि रात्रपाळी मागून घ्या. दिवसा एका केसमागे सहा-सहा विद्यार्थी उभे असतात, रात्री हाताला काम मिळते. जीएनएमला अर्ज करणार असाल तर त्या संस्थेत मुलांना जागा आहेत का, हे पसंतीक्रम भरण्याआधी तपासा. काही ठिकाणी त्या फक्त मुलींसाठी असतात.