मोबाइल स्टार्टरमध्ये जिओचं सिम का चालत नाही

भाऊ, मोबाइलवरून कॉल करून विहिरीची मोटर चालू-बंद करणाऱ्या तुमच्या स्टार्टरचा बोर्ड जळालाय, तो बदला, असं दुकानदार म्हणतोय; पण बोर्ड बदलायला अजिबात होकार देऊ नका. वरुडच्या तुमच्या संत्र्याच्या बागेतला स्टार्टर जुन्या सिमवर नीट चालत होता आणि जिओचं सिम टाकल्यापासून मोटर उचलत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग बोर्ड जळाला असं दुकानदार कशावरून म्हणतो?

पेटी उघडा. सिमच्या खाचेजवळ इंचभर चौकोनी पत्र्याची डबी दिसेल. तिच्यावर सिम800 किंवा सिम900 लिहिलेलं असेल तर ते फक्त 2जीचं, म्हणजे जुन्या पिढीच्या नेटवर्कचं, मॉडेम (सिमला नेटवर्कशी जोडणारा भाग) आहे. त्याचा बारका दिवा साधारण दर सेकंदाला मिचकतोय म्हणजे ते नेटवर्क शोधतंय. सापडलं की तोच दिवा तीन सेकंदांनी एकदा मिचकतो. जिओच्या सिमवर तो तसाच भराभर मिचकत राहणार, कारण जिओकडे 2जी नाहीच. 5 सप्टेंबर 2016 ला त्यांची सेवा सुरू झाली तीच निव्वळ 4जीवर. आपल्या शकुंतला रेल्वेचा नॅरोगेज डबा मूर्तिजापूरला ब्रॉडगेजवर चालवता येत नव्हता, तसंच हे. डबाही चांगला, रूळही चांगले, माप वेगळं.

हे वेगळ्या मापांचं भांडण आपल्याकडे जुनं आहे. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तो जीएसएम या मोबाइल तंत्रावर. जीएसएम युरोपातून आलेलं. अमेरिकेच्या क्वालकॉम कंपनीने सीडीएमए हे वेगळं तंत्र पुढे आणलं, आणि डिसेंबर 2002 मध्ये रिलायन्स इन्फोकॉम तेच घेऊन उतरली. 2003 च्या पावसाळ्यात 501 रुपये भरून फोन हातात मिळायचा. जीएसएमवाल्या कंपन्या चिडल्या: लायसन्स लँडलाइनचं, फी कमी आणि धंदा मोबाइलचा! भांडण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर 2003 मध्ये सरकारने एकत्रित लायसन्स आणून ते मिटवलं.

खेड्यात त्याचा अर्थ काय झाला? त्या वेळच्या बहुतेक सीडीएमए हँडसेटमध्ये सिमची खाचच नव्हती, नंबर फोनमध्येच भरलेला. कंपनी सोडायची म्हणजे फोनही टाकून द्यायचा. पुढे त्याच कंपनीने 2008-09 मध्ये जीएसएम सुरू केलं, सीडीएमए हळूहळू गुंडाळलं, आणि घराघरांतले ते फोन निकामी झाले. तंत्र वाईट नव्हतं, 3जीचा पायाही त्याच तत्त्वावर आहे. पण कंपन्यांनी दिशा बदलली की भुर्दंड गिऱ्हाइकाला, याचा मला आजही राग येतो.

4जीला सगळे एलटीई या एकाच तंत्रावर आले खरे, तरी कॉलचा प्रश्न उरला. एलटीईवर फक्त डेटा जातो. कॉल करायचा तर मॉडेमला व्होल्टे, म्हणजे 4जीवरूनच कॉल करणं, यायला हवं, नाहीतर कॉलपुरतं 2जी-3जीवर उतरावं लागतं. एअरटेलने 3जी आधी बंद केलं, 2जी ठेवलं. जिओला मात्र 2जी नकोच आहे. जुलै 2020 मध्ये मुकेश अंबानी तसं जाहीर बोलले आणि 2024 मध्ये सरकारने 2जी-3जी बंद करण्याचं धोरण आणावं, असं जिओने दूरसंचार नियामक ट्रायलाही सांगितलं. माझं स्पष्ट मत: रात्रीच्या लाइनीला साप-विंचवांतून वावरात जाणं ज्या स्टार्टरने वाचवलं, त्याची बदली सोय झाल्याशिवाय 2जीला हात लावू नये.

आता तुमचं काम. फोन 'फक्त 2जी'वर करून विहिरीजवळ उभे राहा. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांपैकी ज्याच्या काड्या तिथे टिकतील, तेच सिम टाका. घरचं नेटवर्क पाहून ठरवू नका. नवा स्टार्टर घ्यायचाच झाला तर '4जी' एवढ्या शब्दावर भुलू नका. काही 4जी मॉडेम डेटापुरतेच असतात, ते ॲपवर चालतात, कॉल उचलत नाहीत. दुकानातच जिओचं सिम टाकून कॉल लावायला सांगा, 1 दाबून रिले वाजतो का ऐका. बँड 5 आहे का तेही विचारा. पूर्वी सीडीएमए चालायचं तोच हा 800 मेगाहर्ट्झचा पट्टा, आता जिओच्या 4जीच्या कामी येतो. कमी फ्रिक्वेन्सी लांब पोचते, म्हणून टॉवरपासून दूरच्या वावरात तो लागतोच. बीएसएनएलचं 4जी वापरायचं असेल तर बँड 28 आणि 1 पाहा.

रिचार्जसाठी डेटाचा पॅक नको. ट्रायच्या आदेशाने जानेवारी 2025 पासून फक्त कॉल-एसएमएसचे पॅक निघालेत, ते मागा. आणि पावसाळ्यात मोटर बंद असली तरी अधूनमधून त्या नंबरवर कॉल करत राहा. 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर सिम बंद होऊ शकतं. डबीवरचा नंबर इथे टाका, मी पाहून सांगतो.