गावी घर नसलेल्या मुंबईकरांनी मे महिन्याची सुट्टी कशी घालवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला बोरिवलीला, दोन शाळकरी मुलं, गावचं घर उरलेलं नाही, महाबळेश्वरच्या हॉटेलांचे मे महिन्यातले दर बघून डोळे फिरले आणि मुलं दिवसभर मोबाईलमध्ये. कुणीतरी धरणाकाठच्या तंबूचं पॅकेज सुचवलंय, ते घ्यावं का?

माझं मत विचाराल तर घेऊ नका. आमचंही गावचं घर आजोबांच्या पिढीतच गेलं, त्यामुळे 'सुट्टीत गावी' हा पर्याय माझ्या मुलांनाही नाही. पण मुंबईत उन्हाळा बाजारातून घरात येतो. तो आधी घरी रांधायचा, खायचा आणि मग तेच सामान पिशवीत भरून एक रात्र बाहेर काढायची, असं आम्ही करतो. पॅकेजमध्ये रात्री बार्बेक्यू म्हणून पनीर आणि कोंबडीचे जे तुकडे येतात ते डिसेंबरात तसेच आणि मेमध्येही तसेच. वर कर्कश स्पीकर. मुलं तिथेही मोबाईलच बघतात, कारण त्यांच्या हाताला काही काम ठेवलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात कामापासून करा. एप्रिलमध्ये कैऱ्या आल्या की किसणी मुलांच्या हातात द्या. आमच्याकडे आंबेडाळ आई करते, म्हणजे आता हुकूम तिचा आणि हात आमचे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, मिरच्यांसह जाडसर वाटायची. वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही, नाहीतर चटणी होते. मग कैरीचा कीस, मीठ, चवीला साखर, ओलं खोबरं आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी गार करून. यासाठी तोतापुरी घेऊ नका, तिला पुरेसा आंबटपणा नसतो. ती तिखट-मीठ लावून खायला ठीक. भाजीवालीला गावठी आंबट कैरी मागा.

आंब्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण मुंबईकराचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या पेट्यांचे फोटो छापून येतात, तेव्हा फोटोच बघायचे. अक्षय्य तृतीयेला मागणी चढलेली असते, भाव खाली यायला तयार नसतो. मे सुरू होऊन आवक वाढली की आपण बाजारात उतरायचं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. त्यामुळे देवगडचाच हवा हा हट्ट सोडलात तर रायगडचा हापूसही हापूसच, तो जरा उशिरा येतो आणि भावाला बहुधा नरम असतो. पेटीवर छापलेल्या गावाच्या नावावर फार विसंबू नका, देठाशी नाक न्या. रंग सगळीकडून एकसारखा पिवळाधमक आणि वास मात्र काहीच नाही, असा आंबा तिथेच ठेवून पुढे व्हा. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण असा वास नसलेला आंबा कसा पिकला असेल याचा भरवसा कोण देणार?

शक्यतो अर्धे कच्चे आंबे घ्या. खोक्यात पेंढा, पेंढा नसला तर वर्तमानपत्राचे तुकडे, त्यात आंबे एकमेकांना न टेकता लावायचे आणि खोका पलंगाखाली. या अढीची जबाबदारी आमच्या धाकट्याकडे आहे. रोज सकाळी हात फिरवून पिकलेले वेगळे काढायचे, डाग पडलेला दिसला की लगेच बाहेर. शाळा नसतानाही तो स्वतःहून लवकर उठतो ते एवढ्यासाठी. हापूस कापल्यावर कधी कधी आत पांढरट, चिवट गर निघतो, तो साका. बाहेरून तो कुणालाच कळत नाही, त्यामुळे विक्रेत्याशी भांडून उपयोग नाही.

आणि हापूसचा रस काढणं मला पटत नाही. हापूस कापून खावा. रसाला पायरी, भरपूर रसाची आणि किंचित आंबट. मिक्सर नको, हाताने पिळा, त्यात चिमूटभर मीठ आणि सुंठ, वाटीत तुपाची धार. बायको म्हणते की हे माझं वेड आहे आणि मिक्सरमधला रसही तसाच लागतो. तिला तसं वाटू दे.

बाकीची फळं स्वस्तात पडतात आणि मुलांना जास्त आवडतात. कर्जत-कसाऱ्याकडच्या आदिवासी बायका स्टेशनांबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. मुलांना 'कोंबडा की कोंबडी' शिकवा: करवंद फोडण्याआधी ओरडून सांगायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. हरेल त्याने पुढचं करवंद द्यायचं. एक द्रोण अर्धा तास पुरतो. ताडगोळे तुमच्या बाजूला वसई-पालघरकडून येतात, ते सकाळीच घ्या आणि बोटाने दाबून कोवळेच निवडा. संध्याकाळपर्यंत निबर होतात. जाम फ्रीजमध्ये ठेवून गार खायचे, त्याहून जास्त त्यांच्यात काही नाही. जांभळं मेअखेरीला.

दादरला प्लाझाच्या बाजूच्या मंडईत मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, दिसले तर सोडू नका. अर्धे कापून बिया काढायच्या, त्या वाट्यांमध्ये साखर दाबून भरायची, काचेच्या बरणीत थरावर थर लावायचे आणि बरणी खिडकीच्या ग्रिलवर उन्हात. काही दिवसांत साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो. चमचाभर पाक, गार पाणी, मीठ, जिऱ्याची पूड. दुकानातल्या बाटलीतलं कोकम सरबत नंतर मुलं प्यायची नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

आता बाहेर जाण्याचं. तुम्ही बोरिवलीचे, तर केळवे सोपं. डहाणूची लोकल पकडायची, केळवे रोडला उतरायचं, पुढे रिक्षा. किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे, दुपारी तिथे बऱ्यापैकी सावली मिळते. गाडी असेल तर दुसरा पर्याय अलिबागकडचा, अक्षी, नागाव किंवा रेवदंडा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे. पेण-वडखळची वाहतूक टळते आणि बोटीच्या कठड्याशी मुलं खूश. शनिवार-रविवारचं तिकीट आधी काढा. दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय असते, अंगणात तंबू लावू देणारेही भेटतात. फोनवर दोन प्रश्न विचारा: चूल मिळेल का आणि आम्ही स्वतः रांधलं तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण आधी बुचकळ्यात पडतात, मग हो म्हणतात.

थेट वाळूत तंबू ठोकायचा विचार करू नका. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. आमच्या एका कोळी शेजाऱ्याने शिकवलेला हिशेब मुलांना शिकवा: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि साधारण तेवढ्याच वाजता पुन्हा रात्री. घरी कॅलेंडर बघून मुलांनी वेळ काढायची आणि तिथे जाऊन ताडून बघायची. पाण्यात उतरायचं ते वाडीवाल्याला विचारूनच.

वाडीत तंबू नारळाच्या झाडाखाली लावू नका. झावळी पडते, नारळही पडतो. मेमध्ये किनाऱ्यावर रात्री गारवा असेल अशी आशाही नको. तंबू सूर्य मावळल्यावर उभा करायचा, वरचं आवरण काढून नुसती जाळी ठेवायची. वाडीवाल्याकडे बाजलं असेल तर त्याला मच्छरदाणी बांधून जास्त चांगली झोप लागते. पण मुलांना तंबूच हवा असतो, तेव्हा मुलं तंबूत, मोठी माणसं बाजल्यावर.

जेवणाचं सामान घरून न्या. पहिल्या जेवणाला तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि कैरी-कांद्याचा तक्कू, म्हणजे पोचल्यावर लगेच चूल पेटवायची घाई नाही. चूल संध्याकाळी. झावळीचं वाळलेलं पान झटकन पेट घेतं, नारळाची सोडणं धुमसत राहतात आणि धूर करतात, खरा निखारा करवंट्यांचा. हा क्रम मुलांना एकदा कळला की त्यांना चुलीपासून उठवणं कठीण. मात्र जंगलखात्याच्या हद्दीत कुठेही जाळ करू नका, मेमध्ये गवत वाळून खडखडीत झालेलं असतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो.

पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवा, धुताना काजळी मातीसकट निघते. पातेल्यात तांदूळ-मुगाच्या डाळीची खिचडी, बस्स. पाच पदार्थ करायला गेलात तर घरातली बाई तिथेही चुलीपाशीच अडकेल, आणि मग ती सुट्टी कुणाची? सगळी गंमत निखाऱ्यात आहे. वांगं आणि कांदे आख्खे टाकायचे, भरीत होतं. अलिबागकडे गेलात तर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील, तो कांदा गोडसर असतो, भाजू नका, खिचडीबरोबर कच्चाच खा. फणसाच्या आठळ्या घरून वाळवून न्यायच्या, पण प्रत्येकीला सुरीने चीर द्यायची, नाहीतर निखाऱ्यात फुटून अंगावर उडतात. शेवटी निखारे मंद झाले की दोन-तीन कैऱ्या राखेत पुरून ठेवायच्या. सकाळी साल सोलून गर काढायचा, त्यात दीडपट-दुप्पट गूळ, मीठ, वेलची, माठातलं पाणी. उकडलेल्या कैरीचं पन्हं सगळ्यांनी प्यायलेलं असतं, भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा वास असतो आणि तो सगळ्यांना आवडेलच असं नाही. आमच्या थोरलीला आवडत नाही, ती शहाळं पिते.

कुणी तुम्हाला पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, करायला सांगेल. ती थंडीतली, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला तेव्हाच मिळतो. मेमध्ये 'पोपटी' म्हणून जे देतील ते घेऊ नका. काजव्यांबद्दलही कुणीतरी सुचवेलच. भंडारदऱ्याला मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे खरोखर डोळे दिपवतात, पण शनिवार-रविवारी गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते आणि त्या उजेडात काजवे दिसायचे कुठून? मधल्या वारी जमत असेल आणि टॉर्च बंद ठेवायची तयारी असेल तरच जा.

मांसाहारी असाल तर परतताना सुके बोंबील आणि जवळा घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरांत मेमध्येच पावसाळ्याची बेगमी होते. बोंबील घेताना मोडून बघा, कडकन मोडला पाहिजे, वाकला तर ओल राहिली आहे. घरी आल्यावर आणखी एक-दोन उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गाडीत दोन-तीन दिवस वास राहतो, लोकलने येणार असाल तर पिशवीत पिशवी घालून घट्ट गाठ मारा आणि दाराजवळ उभे राहा.