रसेल-सिल्व्हर असलेल्या लहान मुलाची पहाटे शुगर उतरते, रात्री काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, वजन साडेसात किलो, आणि रसेल-सिल्व्हर सिंड्रोमचं, म्हणजे जन्मापासूनच वाढ कमी राहणाऱ्या एका दुर्मिळ आजाराचं, निदान नुकतंच झालंय. पहाटे उशी घामाने भिजते, सकाळी उठवलं तरी मान टाकतो, आणि परवा घरच्या ग्लुकोमीटरवर 52 आलं. सासूबाईंचं म्हणणं, झोपलेल्या पोराला उठवून भरवू नये. पुढच्या महिन्यात इंदूरहून ग्वाल्हेरला लग्नाला जायचंय, त्याचीही काळजी आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला हेच आहे, ती आता मोठ्या शाळेत जाते, आणि तिची लहानपणीची वर्षं आम्ही इथे इंदूरच्या राजेंद्रनगरात अशाच रात्री काढत घालवली. एक गोष्ट आधी: 52 आल्यावर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. आजच एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, फोन करा. ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसोल ही दोन्ही हार्मोन्स तपासलीत का, हेही विचारा. यातलं काही कमी असलं तरी शुगर उतरते आणि मग उपचार वेगळा होतो.

आता असं का होतं ते. या मुलांचं अंग बारीक, पण डोकं मात्र जवळजवळ वयाप्रमाणे. मेंदू साखरेवर चालतो आणि लहानपणी त्याला ती भरपूर लागते. ती साठवायला लिव्हर लहान, आणि उपाशीपणी ज्यातून शरीर नवी साखर बनवतं ते स्नायूही थोडेच. चार-पाच तास पोट रिकामं राहिलं की साठा संपतो आणि शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन तयार होतात आणि ते लघवीत उतरतात. बहुतेक वेळा कीटोन आधी दिसतात, शुगर नंतर घसरते. म्हणून माझं ठाम मत आहे की ग्लुकोमीटरच्या आकड्यापेक्षा पोट किती तास रिकामं आहे ते मोजा. आकडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

त्यासाठी मेडिकलमधून लघवीत कीटोन तपासायच्या पट्ट्या आणा. सकाळची पहिली लघवी घ्यायची. डायपर असेल तर आत स्वच्छ कापसाचा बोळा ठेवा, सकाळी तो पट्टीवर पिळा आणि डब्यावर दिलेल्या सेकंदांनी रंग बघा. डबा घट्ट बंद ठेवायचा, पावसाळ्यातल्या दमट हवेने पट्ट्या बिघडतात. सकाळी रोज कीटोन येत असतील तर रात्रीची व्यवस्था पुरत नाही, असा त्याचा अर्थ. रोज काय आलं ते एका वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरांनी रात्रीचं वेळापत्रक अशाच वहीवरून बसवलं होतं.

रात्रीचं म्हणाल तर आमच्याकडे चाललं ते कच्चं कॉर्नफ्लोअर. पांढरं, बारीक, चिमटीत करकरणारं. मक्याचं पिवळं पीठ नाही. आपल्याकडे भुट्ट्याचा कीस घरोघरी होतो, त्यामुळे मक्याचं म्हटलं की घरातले हमखास पिवळंच आणतात, आणि किराण्यात अरारोट म्हणून सुटं काय बांधून देतील त्याचा नेम नाही. पाकिटावर कॉर्नस्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर लिहिलेलंच घ्या. ते कच्चंच राहायला हवं. गरम दुधात ढवळलं तर शिजतं, लवकर पचतं आणि सगळा फायदा जातो. गार दुधात किंवा गार पाण्यात कालवून झोपायच्या आधी द्यायचं. कच्चा स्टार्च हळूहळू पचतो, काही तास साखर थेंबथेंब रक्तात सोडत राहतो. त्यात साखर घालू नका, एकदम इन्शुलिन वाढून उलट परिणाम होतो. साधारण दहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना देतात, पण किती ग्रॅम ते वजनावर ठरतं, तेव्हा तो आकडा डॉक्टरांकडूनच घ्या आणि चमच्याऐवजी किचनच्या वजनकाट्यावर मोजा. पोटात गॅस होतो, कधी जुलाब होतात, म्हणून थोड्यापासून सुरू करतात. पिऊन झाल्यावर दात पुसायला विसरू नका.

सासूबाईंना एवढंच सांगा की उठवायची गरज पडतेच असं नाही. माझी मुलगी अकरा वाजता अर्धवट झोपेत, मांडीवर बसून प्यायची. इंदूर रात्री बारा-एकला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात उभं असतं, मग आपल्या पोरानं अकराला दूध प्यायलं तर काय बिघडलं? सासूबाईंना विज्ञानापेक्षा हे जास्त पटेल.

उलट दुसरी चूकही टाळा. शुगर उतरते म्हणून दिवसभर गूळ-तूप, पेढे, सारखं भरवणं नको. या मुलांची भूक मुळात कमी, आणि शरीर बारीकच असतं. जबरदस्तीने चरबी चढवली तर पुढे इन्शुलिनचा त्रास होण्याची शक्यता असते. त्यांना दर तीन-चार तासांनी थोडं थोडं, डाळ-अंडं-पनीर-दही असं प्रोटीनचं काही असलेलं खाणं लागतं. सकाळी पोहे-जिलेबीची आपली रीत चालू द्या, फक्त त्यात जिलेबी कमी आणि शेंगदाणे बारीक वाटून घाला. अख्खे दाणे या वयात नकोच, घशात अडकतात.

प्रत्यक्ष शुगर कमी झाली तर: मूल जागं आहे, गिळतंय, तर पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर किंवा साखर, लहान चमचाभर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग लगेच दूध-बिस्किट असं टिकणारं काही. मोजण्यापूर्वी बोट धुवून पुसा. बोटाला गूळ लागलेला असला तर यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं. मूल बेशुद्ध, झटके येतायत किंवा गिळत नाही, तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. 108 बोलवा किंवा थेट दवाखान्यात जा, तिथे शिरेतून ग्लुकोज देतात. शुगर एकदम खाली गेल्यावर काही जणांना ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देतात. पण ते लिव्हरमधला साठा सोडायला लावतं, आणि या मुलांचा साठाच संपलेला असतो, म्हणून रसेल-सिल्व्हरमध्ये ते भरवशाचं नाही.

आजारपण मात्र खरी परीक्षा. उलट्या, जुलाब, ताप, खाणं बंद, आणि लघवीत कीटोन चढले, की घरी वाट बघू नका, ड्रिप लागते. इथे एक अडचण येते. ड्युटीवरचे डॉक्टर बोट टोचतात, 68 येतं, आणि म्हणतात, शुगर तर ठीक आहे, ओआरएस द्या. आम्हाला एका दवाखान्यात असंच परत पाठवलं होतं. तेव्हा तुमच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून एक पत्र लिहून घ्या: आजार कोणता, किती तास उपाशी ठेवू नये, कीटोन आले तर शुगर नॉर्मल दिसली तरी ग्लुकोजची ड्रिप लावावी. लॅमिनेट करून घ्या. दातांचं काम, एमआरआय, हर्नियाचं ऑपरेशन, काहीही असो, जिथे उपाशीपोटी या असं सांगतात तिथे ते पत्र आधी दाखवा आणि मुलाचा नंबर पहिला घ्यायला सांगा, आदल्या रात्रीपासून ड्रिप लावायचं विचारा. उपाशीपोटी रक्त द्यायची तपासणीसुद्धा आधी विचारल्याशिवाय करू नका.

ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं की बऱ्याच मुलांची शुगर जास्त स्थिर राहते, उंचीखेरीज हा त्याचा वेगळा फायदा. तुमच्या मुलाला कधी सुरू करायचं, तो निर्णय डॉक्टरांचा. खर्च मोठा असतो, त्याबद्दल आधीच मोकळेपणाने विचारून ठेवा.

ग्वाल्हेरला जाताना रात्रीच्या गाडीत नेहमीच्याच वेळा पाळा, गाडी उशिरा धावली तरी तुमचं घड्याळ तेच. कॉर्नफ्लोअर आधीच वजन करून छोट्या डब्यांत भरा. ग्लुकोज पावडर, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोमीटर आणि ते पत्र, हे सगळं हातातल्या पिशवीत, सीटखालच्या बॅगेत नाही. लग्नघरी जेवण दुपारी तीनला उठणार हे गृहीत धरून त्याचं जेवण वेगळं बारा वाजता उरका. आणि तिथल्या मुलांच्या डॉक्टरांचा नंबर निघायच्या आधी नातेवाइकांकडून घेऊन ठेवा.