कॉलम भरण्याआधी लेकीला साइटवर बोलवा

पालकांचं पत्र:
"मुलगी बी.ई. सिव्हिल, ७१ टक्के. दोन वर्षं एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरी करते. आता भूकंप अभियांत्रिकीत एम.टेक. करायचं म्हणते. माझा बांधकामाचा छोटा व्यवसाय आहे. माझ्या मते तिने एमबीए करावं, ओळखी वाढवाव्यात आणि घरबांधणीच्या कोडचं काम करणाऱ्या इंजिनिअरांच्या संघटनेत शिरून पुढे अध्यक्ष व्हावं. अमेरिकेत अशी संघटनाच कोड काढते. आपलं माणूस तिथे असलं तर आमच्यासारख्यांना नियम जरा सोयीचे होतील. पण मुलगी प्रॅक्टिकल नाही. गेल्या महिन्यात माझ्याच साइटवर येऊन, १४ कॉलमच्या रिंगा चुकीच्या आहेत म्हणून तिने सगळ्यांसमोर काँक्रीट थांबवलं. ड्रॉइंगमधलं सगळं कोण करतं? आमचा फिटर वीस वर्षं अशाच रिंगा टाकतोय. तेव्हापासून घरात अबोला आहे. तिला समजावा आणि अध्यक्षपदापर्यंतचा रस्ता सांगा."
— एक पालक

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते करिअरचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या १४ कॉलमपाशी थांबले आणि पुढे जाताच येईना. उत्तर छापून येईपर्यंत काँक्रीट पडून गेलं तर काय, म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही "बघतो" म्हणालात. आता सविस्तर लिहिते, पण तुम्ही विचारलंत त्या क्रमाने नाही.

मी इंजिनिअर नाही. म्हणून नाव-गाव झाकून तुमचं पत्र एका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअरांना दाखवलं. त्यांनी मला कॉलममधल्या उभ्या सळया समजून चार पेन्सिली चार कोपऱ्यांना उभ्या धरायला लावल्या, भोवती तारेची रिंग वळली आणि तिची टोकं काटकोनात वाकवून कडेलाच ठेवली. "आता पेन्सिली बाहेर ढकला," म्हणाले. ढकलल्या, तर रिंग उघडली. मग तीच टोकं त्यांनी आणखी वाकवली, पेन्सिलीला विळखा घालून आतल्या पोकळीत वळवली. मी पुन्हा जोर लावला. तार ताणली गेली, पण सुटली नाही. भूकंपात कॉलमचं बाहेरचं कव्हर, म्हणजे रिंगांवरचा काँक्रीटचा थर, आधी फुटून गळतं. मग काटकोनी हुकाला धरून ठेवणारं काही उरत नाही. रिंग उघडते, आतलं काँक्रीट ढासळतं आणि उभ्या सळया वाकतात. १३५ अंशाचा हुक गाभ्यात रुतलेला असतो, म्हणून टिकतो. आयएस १३९२० हे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक तोच हुक मागतं, आणि तुमच्याच वाक्यावरून दिसतं की तुमच्या ड्रॉइंगमध्येही तो काढलेला आहे.

म्हणजे तुमच्या मुलीने वेगळं काही मागितलंच नाही. जे काम कागदावर ठरलं होतं, तेच करायला सांगितलं. तिला तुम्ही "प्रॅक्टिकल नाही" म्हणता, याचं मला फार वाईट वाटलं. १३५ अंशाचा हुक करणं फिटरला जिकिरीचं असतं. सळया बांधून झाल्यावर अशी रिंग बाजूने घालता येत नाही, वरून ओवत आणावी लागते, कामाला वेळ लागतो. हे तिला माहीत असणारच, दोन वर्षं ती त्याच कामात आहे. पण जास्तीची सळई एका रिंगेमागे वीतभरही लागत नाही. खर्च आहे तो मजुरीचा आणि धीराचा.

वीस वर्षांत काही पडलं नाही, हे मी अनेक व्यावसायिकांकडून ऐकते. त्याचं कारण एवढंच की त्या इमारतींची परीक्षा अजून झालेली नाही. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं. तिथून २०० किलोमीटरहून जास्त लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या कित्येक फार जुन्या नव्हत्या. खाली मोकळं पार्किंग, त्यावर मजले, अशी आपल्याकडे सगळीकडे दिसते तीच रचना होती. आयएस १३९२० तेव्हा येऊन आठ वर्षं झाली होती. मानक छापलेलं होतं, ते साइटवर पाळलं जातंय का हे नेटाने बघणारी व्यवस्था नव्हती.

कामगारांसमोर पोरीने बापाला थांबवलं, ही सल मी समजू शकते. साइटवर तुमच्या शब्दाला किंमत आहे, ती तुम्ही कष्टाने मिळवलेली आहे. पण मिक्सर फिरत असताना "संध्याकाळी घरी बोलू" असं म्हणून चालत नाही. संध्याकाळपर्यंत कॉलम भरलेला असतो आणि आत काय दडलंय ते पुन्हा कुणाला दिसत नाही. तिला बोलावंच लागलं. त्यानंतर तीन आठवडे ती घरात खाली मान घालून वावरत असेल, तर ती यातून एकच गोष्ट शिकेल: चूक दिसली तरी गप्प बसावं. हा धडा घेतलेली इंजिनिअर तुम्हाला हवी आहे का? उद्या त्या इमारतीत राहायला येणाऱ्या माणसांना तरी नक्कीच नको आहे.

आता तुमचा मोठा गैरसमज. संघटनेची खुर्ची मिळाली की नियम हातात येतात, असं तुम्ही धरून चाललात. तुम्ही म्हणता ती अमेरिकेतली संस्था म्हणजे इंटरनॅशनल कोड कौन्सिल. तीन प्रादेशिक संस्था एकत्र येऊन ती १९९४ मध्ये स्थापन झाली. घरांसाठीचा तिचा कोड २००० साली आला आणि दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. त्यात बदल कुणीही सुचवू शकतं, बिल्डरही. पण शेवटचं मत सरकारी सदस्यांच्या प्रतिनिधींचं असतं, म्हणजे ज्यांना तो कोड राबवायचा आहे त्यांचं. ज्यांचा पैसा त्यात गुंतलेला आहे त्यांच्या हाती अंतिम मत जाऊ नये म्हणूनच ही रचना आहे. एवढं होऊनही तो कायदा होत नाही. एखादं राज्य किंवा शहर स्वीकारतं तेव्हाच तो तिथे लागू होतो. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली आणि पुढे सुधारत २०१६ ची आवृत्ती निघाली. ती भारतीय मानक ब्यूरो काढतं. ब्यूरोच्या समित्यांवर सरकारी खाती, शिक्षणसंस्था, उत्पादक, सल्लागार आणि व्यावसायिक संघटना यांचे प्रतिनिधी बसतात. मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला होतो, सहमतीने पुढे जातो. संहिता स्वतः शिफारसवजा असते, विकास नियंत्रण नियमावलीत आली की बंधनकारक होते. या सगळ्या वाटेवर संघटनेच्या अध्यक्षाकडे हुकूम काढायचा अधिकार कुठेच नसतो. पुरावा मांडायचा, समजावायचं, पुन्हा पुन्हा पत्रं लिहायची, एवढंच हातात असतं. त्यात अध्यक्षांच्या वडिलांची बांधकाम कंपनी आहे आणि नियम त्यांच्या सोयीचे होत आहेत असं एकदा कुणाच्या लक्षात आलं, की त्या पुराव्याची किंमत शून्य. मुलीला तिथे बसवून स्वतःचं काम करून घ्यायचा विचार मनातून काढून टाका. यात सर्वात आधी तिचंच नाव खराब होईल.

आणि ही नोकरीही नव्हे. आपल्याकडे अशा संघटनांची पदं बहुतेक मानद असतात. पोट भरायला आपला पेशा लागतोच. एमबीएचा इथे मला काही उपयोग दिसत नाही.

एम.टेक.साठी गेट आहेच, सरकारी सेवेत जायचं तर एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा आहे. त्याची माहिती तिला तुमच्या-माझ्याहून जास्त असेल. भूकंप अभियांत्रिकीत रुरकीचा विभाग १९६० पासून उभा आहे. तिथेच मिळायला हवं असंही नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचा चांगला अभ्यासक्रम आणि शिकवणारे चांगले गुरुजन असले तरी पुरे. ७१ टक्क्यांची काळजी सोडा.

तिला खरंच पुढे या कामाचं नेतृत्व करावंसं वाटलं, तर त्याची सुरुवात आजही होऊ शकते. इंजिनिअरांच्या एखाद्या व्यावसायिक संस्थेचं सभासदत्व घ्यावं आणि कुणाला नको असलेली कामं अंगावर घ्यावीत: सभेची टिपणं, मसुद्यावरच्या हरकती एकत्र करणं, तालुक्याच्या गावी फिटर आणि गवंडी यांची शिबिरं. भारतीय मानकं आता ब्यूरोच्या पोर्टलवरून मोफत उतरवता येतात. एखाद्या मसुद्यातलं एक कलम घेऊन, ते साइटवर का जमत नाही आणि कसं जमेल, हे दोन पानांत लिहून पाठवता आलं तर तिचं म्हणणं समितीतले लोक नीट वाचतील.

घरांच्या कोडचं खरं दुखणं पोहोचण्याचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली. त्या भिंतींना दोन्ही बाजू जोडणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्याने भिंत उभी चिरून दोन पापुद्रे वेगळे झाले. ती घरं बांधणाऱ्या गवंड्यापर्यंत कुणी इंजिनिअर कधी गेलाच नव्हता. जी व्यक्ती उद्या अशी संघटना चालवेल, तिला हे अंतर कापावं लागेल: इंग्रजी कलम फिटरला त्याच्या भाषेत, हातात सळई घेऊन समजावणं. तुमच्या लेकीने तुमच्या साइटवर नेमकं तेच करायचा प्रयत्न केला. कदाचित आवाज चढला असेल. ते ती शिकेल.

तुमच्या पत्रात एक तक्रार मात्र खरी आहे, ती मला सोडायची नाही. छोट्या बिल्डरला कुशल फिटर मिळत नाही आणि नियम लिहिणाऱ्यांना साइटवरची ओढाताण माहीत नसते. हे तुम्ही स्वतः मांडा. मसुदे सूचनांसाठी खुले होतात तेव्हा तुमच्या बिल्डर संघटनेच्या लेटरहेडवर, स्वतःच्या सहीने पाठवा. मुलीच्या आडून नको. आयआयटी कानपूरच्या राष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राने सोप्या भाषेत, चित्रांसह माहितीपत्रकं काढली आहेत. कॉलमच्या रिंगांचं चित्र त्यात आहे. ते छापून साइटवरच्या ऑफिसात लावा.

रिंगा अजून बदलल्या नसतील तर मिक्सर बोलवू नका. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना तपासायला बोलवा आणि त्याच दिवशी लेकीला सोबत न्या. फिटरसमोर तुम्ही स्वतः तिला विचारा, "हुक कसा पाहिजे, दाखव." तिने दाखवलेला पहिला हुक तुम्ही हातात धरून बघा, आणि त्याप्रमाणे सगळ्या १४ कॉलमच्या रिंगा बदलून झाल्या की मला कळवा.