शिष्यवृत्ती की नोकरी? युरोपातील संशोधनपदाविषयी एका वडिलांना उत्तर

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त पोस्टमास्तरांनी आपल्या धाकट्या मुलीविषयी लिहिले आहे. मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि बी.एड. असून एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवकाची तीन वर्षे पूर्ण करून यंदाच नियमित वेतनश्रेणीत आली आहे. शाळांमधील विज्ञान-अध्यापन कसे सुधारेल, या विषयावर युरोपात पीएच.डी. करावी अशी तिची इच्छा आहे आणि नेदरलँड्समधील एका विद्यापीठाची जाहिरात तिने वडिलांना दाखवली आहे. त्याच सुमारास एका सल्लागाराने ‘युरोपियन कमिशनची शाळासुधार शिष्यवृत्ती’ दीड लाख रुपयांत मिळवून देण्याची हमी दिली. जावयांचे म्हणणे असे की आधी तिकडे जाऊन पदव्युत्तर पदवी घ्यावी, म्हणजे पाया पक्का होईल. यांतले खरे काय आणि लागलेली नोकरी सोडावी का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण जाहिरात आणि सल्लागाराचे पत्रक अशी दोन्ही कागदपत्रे जोडलीत, त्यामुळे अंदाजाने काही सांगण्याची वेळ आली नाही. पत्रकाचा निकाल आधी लावतो. दीड लाख रुपये देऊ नका. जाहिरातीतील पद युरोपीय संघाच्या ज्या योजनेतून निघाले आहे (तिच्याविषयी पुढे सांगतो) त्या योजनेत अर्जाला शुल्क नसते, पदे उघडपणे जाहीर करावी लागतात, ती ‘युरॅक्सेस’ या युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात आणि निवड संबंधित विद्यापीठ स्वतः मुलाखत घेऊन करते. मध्यस्थाला हमी देता येईल अशी एकही पायरी त्यात नाही.

पत्रकातील ‘शाळासुधार शिष्यवृत्ती’ हे नाव मात्र हवेतून आलेले नाही. एका खऱ्या गोष्टीची ती मोडतोड आहे. शिक्षणाचा आशय आणि शिक्षणव्यवस्थेची रचना ही प्रत्येक सदस्य देशाची जबाबदारी आहे, असे युरोपीय संघाच्या कराराचे कलम 165 सांगते. म्हणून ब्रुसेल्सहून, म्हणजे संघाच्या मुख्यालयातून, कोणत्याही शाळेचा अभ्यासक्रम ठरत नाही. संघ करतो ते एवढेच, की शाळांनी एकमेकींकडून शिकावे यासाठी पैसा देतो. 1995 पासून ‘कोमेनियस’ या नावाने हे काम चाले, 2005 मध्ये शाळांना ऑनलाइन जोडणारे ‘ई-ट्विनिंग’ सुरू झाले आणि 2014 पासून हे सारे ‘इरॅस्मस प्लस’ या छत्राखाली आले. 2021 ते 2027 या काळासाठी त्याची तरतूद 26 अब्ज युरोंच्या वर आहे. त्यातून एखाद्या पोर्तुगीज शाळेची शिक्षिका फिनलंडच्या शाळेत आठवडाभर बसून तिथले तास पाहते, किंवा तीन-चार देशांतील शाळा मिळून एखादा प्रकल्प करतात. पण या शालेय देवाणघेवाणीसाठी अर्ज शाळेने करायचा असतो आणि ती शाळा योजनेत सहभागी असलेल्या देशातील असावी लागते. भारत त्या देशांत नाही. आपली मुलगी सातारा जिल्ह्यातील शाळेची शिक्षिका म्हणून त्या दाराने आत जाऊ शकत नाही, सल्लागार काहीही म्हणोत. पूर्ण झालेल्या प्रकल्पांनी तयार केलेले साहित्य मात्र इरॅस्मस प्लसच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यातील एखादा विज्ञानाचा उपक्रम तिने आपल्या नववीच्या वर्गात करून पाहावा आणि काय जमले, काय फसले याची टिपणे ठेवावीत. ती टिपणे पुढे अर्जात कामाला येतील.

तिने दाखवलेली जाहिरात हे दुसरे दार आहे आणि ते तिच्यासाठी उघडे आहे. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नावाने चालणाऱ्या संशोधक-गतिशीलतेच्या, म्हणजे संशोधकांना दुसऱ्या देशात जाऊन काम करता यावे यासाठीच्या, योजनेतील ‘डॉक्टरल नेटवर्क’चे ते पद आहे. योजनेला क्युरीबाईंचे नाव 1996 मध्ये मिळाले; 2014 पासून त्यात त्यांचे माहेरचे नावही आले. (1891 मध्ये पॅरिसला शिकायला जाण्यापूर्वी याच बाईंनी काही वर्षे पोलंडमध्ये खासगी शिक्षिकेची नोकरी केली होती आणि त्या पैशातून आपल्या थोरल्या बहिणीच्या पॅरिसमधील वैद्यकीय शिक्षणाला हातभार लावला होता. आपल्या मुलीला हे सांगायला हरकत नाही.)

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आपण पत्रात आठ वेळा ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द वापरला आहे आणि घरातला गोंधळ तिथूनच सुरू झाला आहे, असे मला वाटते. आपल्याकडे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जे.आर.एफ. (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळते, तेव्हा महिन्याचे 37,000 रुपये विद्यार्थ्याच्या नावाने येतात. तो मार्गदर्शक शोधतो, विषय ठरवतो, आणि पैसा त्याच्या मागोमाग जातो. डॉक्टरल नेटवर्कमध्ये क्रम नेमका उलटा आहे. किमान तीन वेगवेगळ्या देशांतील संस्था एकत्र येऊन प्रकल्प लिहितात, तो मंजूर झाला की पैसा संस्थांना मिळतो, आणि प्रत्येक संशोधकाचा विषय, मार्गदर्शक व देश आधी ठरलेला असतो. मग त्या पदासाठी माणूस शोधला जातो. आपली मुलगी ज्या पदाकडे पाहत आहे ते ‘संशोधक क्रमांक 7’ आहे आणि त्याचे काम जाहिरातीच्या दुसऱ्या पानावर चार ओळींत दिले आहे: प्रशिक्षण घेऊन परतलेले विज्ञानशिक्षक प्रयोगशाळेतील तास खरोखर बदलतात का, याचे वर्गात बसून निरीक्षण करणे. तिचा अर्ज ‘मला युरोपात पीएच.डी. करायची आहे’ असा असेल तर तो बाजूला पडेल. या चार ओळींना तिची तीन वर्षांची शाळा काय उत्तर देते, हे तिने लिहायला हवे. तीस मुलांमागे एकच सूक्ष्मदर्शक असलेली प्रयोगशाळा तिने चालवली आहे, असे आपणच लिहिले आहे. त्या चार ओळींसमोर हा अनुभव फार वजनदार आहे.

निवड झाली तर तिला नेमणूकपत्र मिळेल, करार होईल, सामाजिक सुरक्षेचे संरक्षण मिळेल; थोडक्यात, ती नोकरी असेल. पैशाचे आकडे वाचताना मात्र आपण सीटीसी (मालकाचा कर्मचाऱ्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांत जो फरक करतो तोच इथे करावा. हा प्रकल्प 2024 च्या निवडीतला असल्याने जाहिरातीत महिन्याला 3,400 युरो निर्वाहभत्ता आणि 600 युरो गतिशीलता भत्ता असे आकडे आहेत (2025 च्या निवडीपासून ते 4,010 आणि 710 झाले). निर्वाहभत्ता देशागणिक एका गुणकाने वाढतो किंवा घटतो. डेन्मार्कसाठी वाढतो, पोलंडसाठी घटतो. शिवाय ही रक्कम विद्यापीठाला तिच्या नावे मिळते, आणि त्यातून सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतील विद्यापीठाचा व तिचा असे दोन्ही वाटे आणि प्राप्तिकर वजा होतो. म्हणून हातात नेमके किती पडेल, हे मुलाखतीत विचारावे. तसे विचारणे तिथे उद्धटपणाचे मानत नाहीत.

दुसरा प्रश्न विचारायचा तो मुदतीचा. या पदाचा पैसा 36 महिन्यांचा आहे आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी. साधारणपणे चार वर्षांची असते. चौथ्या वर्षाचा पगार कोण देणार, हे लेखी मिळाल्याशिवाय सही करू नये. त्या 36 महिन्यांपैकी एक तृतीयांशापर्यंतचा काळ प्रकल्पातील इतर संस्थांमध्ये घालवावा लागू शकतो. या जाहिरातीत स्पेनमधील एका विद्यापीठाचा उल्लेख आहे. म्हणजे दोन देश, दोन घरभाडी, दोन वेळा कागदपत्रे. ती याला तयार आहे का, हे आपण नव्हे, तिने ठरवायचे आहे.

आता जावयांच्या सल्ल्याविषयी. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात एक खोच आहे. इरॅस्मस मुंडुस ही संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची योजना 2004 पासून चालू आहे आणि ती खऱ्या अर्थाने शिष्यवृत्ती आहे: शिक्षणशुल्क माफ आणि महिन्याला 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने निवडले जातात. पण डॉक्टरल नेटवर्कचा एक कडक नियम आहे. नेमणुकीच्या दिवसाआधीच्या 36 महिन्यांत उमेदवार त्या यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला किंवा तिथे मुख्य काम करत असलेला नसावा. समजा, तिने नेदरलँड्समध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि पुढच्याच महिन्यात तिथल्याच विद्यापीठातील या योजनेच्या पदासाठी अर्ज केला, तर मागील 36 पैकी सुमारे 24 महिने नेदरलँड्समध्ये भरतील आणि ती अपात्र ठरेल. इटलीतील किंवा आयर्लंडमधील पदासाठी मात्र पात्र राहील. गुणवत्ता उत्तम, मार्गदर्शक राजी आणि केवळ महिने मोजण्यात घोटाळा, अशी दोन प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत. आज सातारा जिल्ह्यात बसलेली आपली मुलगी या नियमानुसार सर्व देशांत पात्र आहे, आणि युरोपात कधीच न गेल्याचा असा फायदा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

म्हणून माझे मत असे: तिच्याकडे एम.एस्सी. आहेच, तेव्हा पीएच.डी.च्या पदांसाठी तिने थेट अर्ज करावेत. सामाजिक संशोधनाच्या पद्धतींचा तिचा अभ्यास कच्चा आहे, हे तिच्या शिक्षणावरून दिसते. भौतिकशास्त्राच्या पदवीधरांचे बहुधा तसेच असते. वर्षभरात एकही मुलाखत आली नाही, तर ती उणीव भरण्यासाठी इरॅस्मस मुंडुसचा विचार करावा, आणि तेव्हाही कोणत्या देशात किती महिने जाणार आहेत हे कागदावर मांडून मगच अभ्यासक्रम निवडावा. या पदांना वर्षाची एकच अंतिम तारीख नसते. प्रकल्प मंजूर झाला की संस्था आपापल्या सोयीने जाहिराती काढतात, त्यामुळे युरॅक्सेस दर पंधरवड्याला पाहण्याची सवय लावावी लागेल.

नोकरीचे म्हणाल तर करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत राजीनामा देण्याचे काहीच कारण नाही. अध्ययन रजा किंवा बिनपगारी रजा मिळू शकेल का, हे मुख्याध्यापकांमार्फत संस्थेला आताच लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. आपण तिच्या लग्नाचाही उल्लेख केला आहे. त्यावर मी मत देणार नाही, फक्त नियम सांगतो: संशोधक विवाहित असल्यास या योजनेत महिन्याला 660 युरो कुटुंबभत्ता मिळतो.

या योजनेत 2021 पासून आणखी एक गोष्ट आली आहे, जी आपल्या मुलीला विशेष आवडेल. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी होणाऱ्या ‘युरोपीय संशोधक रात्री’ला जोडून ‘शाळांमध्ये संशोधक’ असा उपक्रम चालतो. संशोधक वर्गात जाऊन शिक्षकांबरोबर आणि मुलांबरोबर काम करतात. तिला मुळात शाळा सोडायची नाही, शाळेकडे दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे, असे तिच्या जाहिरातीच्या निवडीवरून मला जाणवले; चुकत असेन तर तिने सांगावे.

पुढचे पत्र तिच्याच हातचे यावे, ही विनंती. सोबत ‘संशोधक क्रमांक 7’साठी लिहिलेल्या अर्जाचा मसुदा जोडावा. एक पान पुरे, आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात तो सूक्ष्मदर्शक यावा.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक