जहाज नको, सुतळी घे

नव्या बाईंना अनेक आशीर्वाद.

सातवीकडून सागरी सफरींवर प्रकल्प करून घ्यायचाय, म्हणालीस. एकच सांगतो, जहाज करायला लावू नकोस. मी लावलं होतं. सोमवारी वर्गात थर्माकोलची ४२ जहाजं आली, शिडांवर लाल क्रूस वगैरे झकास. त्यातली निम्मी आयांनी रात्री जागून केलेली. विचारलं, ‘भर समुद्रात वाट कशी कळायची?’ एकही हात वर नाही.

पुढच्या वर्षापासून ‘कमाल’ करायला घेतलं. अरबी समुद्रातल्या खलाशांचं हे साधन, एक फळी आणि गाठी मारलेली दोरी. जुन्या लग्नपत्रिकेचा ८ सेंटीमीटर उंचीचा तुकडा काप, मधोमध भोक पाडून सुतळी ओव. सुतळीचं टोक दातात धरायचं आणि पुठ्ठा पुढेमागे करायचा. खालची कड क्षितिजाला, वरची ध्रुवताऱ्याला टेकली की तिथे गाठ. मुंबई १९ अक्षांशावर, म्हणजे ध्रुवही इथून क्षितिजाच्या साधारण १९ अंश वर. गाठ २३ सेंटीमीटरवर पडते. कोळिकोडची पडते ४० वर.

आपल्या आभाळात ध्रुव दिसायची मारामार, त्यातून शाळा दिवसाची. तेव्हा भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आडवी पट्टी चिकटव, ते क्षितिज. त्याच्या एक मीटर वर कागदी तारा. भिंतीपासून ३ मीटरवर मुंबई. तिथून मुलांना उलट्या पावली चालव. तारा खाली खाली येतो, सुतळी सोडत जावी लागते, आणि ५ मीटरवर पोरगं जवळपास कोळिकोडला लागतं. दक्षिणेला जाणं म्हणजे काय, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं सांगत होतो. एकदाही असं पोचलं नव्हतं.

गाठी चुकतील, चुकू देत. २७ वर गाठ मारणाऱ्याला नकाशा दे. तो मुंबई म्हणून विजयदुर्गाला उतरलाय. १९ वाली थेट कच्छच्या मांडवीला! वर्ग हसतो, मग आपणच गप्प होतो, कारण यांच्या पायाखाली तर फरशी होती, हलती डेक नव्हे.

वास्को द गामाचं तेव्हाच काढ. १४९८ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाटाड्या घेऊन, वारा पाठीशी धरून तो महिन्याच्या आत मलबारला पोचला. परतताना वाऱ्याचा हंगाम चुकला. तेच पाणी ओलांडायला जवळजवळ तीन महिने, आणि स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, माणसं पटापट गेली. ‘त्याने भारत शोधला’ असं कुणी लिहिलंच तर चौलची आठवण दे. रशियाचा अफनासी निकितिन त्याच्या पाव शतकाहून जास्त आधी तिथे उतरला होता, विकायला एक घोडा घेऊन. चौल म्हणजे आपल्या अलिबागच्या खाली, सहलीला न्यायला बरं.

आणि सुतळी सुतीच घे. नायलॉनची गाठ सरकते, मग मुंबई सापडत नाही.

तुझा,
जुना सर